लेझीम हातात आली की गुडघेदुखी कुठे जाते?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीतली आपल्या वस्तीतली एखादी मावशी डोळ्यांसमोर आणा. एरवी रेशन दुकानाच्या तीन पायऱ्या चढतानाही ती भिंतीला धरते. "गुडघे गेले गं बाई," हे तिचे रोजचे बोलणे. पण हलगी कडकडायला लागली आणि हातात लेझीम आली की तीच मावशी दीड-दोन तास पुढे-मागे, खाली-वर करत राहते. दुसऱ्या दिवशी विचारले तर हसून म्हणते, "काल काही कळलंच नाही बघ."

हे "काही कळलंच नाही" आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. त्यात एक औषध आहे आणि एक धोकाही आहे. या वेळच्या आरोग्याच्या पानावर आम्ही दोन्हींबद्दल लिहिणार आहोत.

कोणी म्हणेल, तो जयंतीचा उत्साह असतो. खरे आहे. पण उत्साह म्हटले की आपला विचार तिथेच थांबतो. त्या उत्साहाने शरीरात आणि मनात काय होते? दुखणे जाते कुठे? आणि वर्षातून एक दिवस जे घडते, ते आठवड्यातून तीन दिवस घडवता येईल का? आमचे मत पहिल्यानेच सांगून टाकतो: येईल. त्यासाठी महागडी मशीन नकोत, महिन्याची फी नको. हवी एक मोकळी जागा, एक ठेका, आणि सर्वांत मागे असलेल्या बाईच्या दमाने चालणारा गट. जागा तर बहुतेक वस्त्यांत आहेच. सकाळची वंदना झाली की विहाराच्या हॉलला कुलूप लागते, ते संध्याकाळपर्यंत निघत नाही.

पहिला प्रयत्न फसला

आमच्या महिला मंडळाच्या आम्ही काही जणींनी दोन वर्षांपूर्वी सामूहिक व्यायाम सुरू केला. एका तरुण प्रशिक्षकाला बोलावले. मुलगा मनाने चांगला, मेहनती. पण त्याला ठाऊक होता तो जिममधला व्यायाम. पहिल्याच दिवशी उड्या, उठाबशा, जोर, पुन्हा उड्या. मोबाइलवर कर्कश गाणी. "अजून दहा, ताई! अजून दहा!" पहिल्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या चटया रिकाम्या. महिना संपला तेव्हा मंडळाच्याच चार-पाच जणी उरलो होतो.

येणे बंद केलेल्या बायकांच्या घरी आम्ही गेलो. कोणी म्हणाली पाहुणे होते, कोणी म्हणाली नळाची वेळ बदलली. एका आजींनी मात्र स्पष्ट सांगितले, "तिथं आलं की मी म्हातारी झाले असं वाटतं. घरी तसं वाटत नाही."

त्या वेळी आम्ही बायकांनाच दोष दिला. "आपल्या लोकांना शिस्तच नाही," हे वाक्य आपल्यातलेच लोक पटकन बोलतात, तसे आम्हीही बोललो. ती आमची चूक होती. बायकांमध्ये काही कमी नव्हते, आम्ही व्यायामच चुकीचा बसवला होता. हे समजायला आम्हाला थोडे वाचावे लागले आणि पुन्हा एकदा करून पाहावे लागले.

"आम्ही दिवसभर राबतोच की!"

व्यायामाचे नाव काढले की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. चार घरची धुणीभांडी, बांधकामावर घमेली, झाडू मारण्याची पहाटेची पाळी, वरून घरचा स्वयंपाक. या बाईला आणखी व्यायाम कशाला?

डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगन भागातील एक लाखाहून अधिक लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेतला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. फावल्या वेळात अंग हलवणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि अकाली मृत्यूचा धोका कमी दिसला. कामाच्या ठिकाणी जास्त शारीरिक कष्ट करणाऱ्यांना मात्र तो जास्त दिसला. अंग तेच, घाम तोच, पण परिणाम उलटा. यामागची कारणे संशोधक अशी सुचवतात: कामातले कष्ट तासन् तास चालतात, मध्ये पुरेशी विश्रांती नसते, एकाच स्थितीत वाकून किंवा वजन उचलून राहावे लागते आणि रक्तदाब बराच वेळ चढा राहतो. व्यायामात थोडा वेळ जोर लागतो आणि मग शरीराला सावरायला सवड मिळते.

यात आम्ही आमची एक गोष्ट घालू. कामात आपल्या अंगाची गती दुसऱ्याच्या हातात असते. मालकीणबाईंच्या घड्याळावर हात चालतात, मुकादमाच्या हाकेवर पाय. दिवसभरात असा एकही तास नसतो की जेव्हा हे अंग आपले म्हणून, आपल्या लयीत हलले. तो एक तास मिळणे हाच व्यायामाचा खरा अर्थ आहे. म्हणून कष्टकरी बाईला व्यायामाची गरज कमी नाही. तिला वेगळ्या व्यायामाची गरज आहे.

रंगून जाणे म्हणजे काय?

मूळचे हंगेरियन आणि पुढे अमेरिकेत शिकागो विद्यापीठात शिकवणारे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळ खेळणारे, नर्तक, शल्यविशारद अशा अनेकांना एकच प्रश्न विचारला: हे काम करताना तुम्हाला काय वाटते? १९७५ मध्ये त्यांनी यावर पहिले पुस्तक लिहिले. कामे वेगवेगळी होती, पण उत्तरे सारखी होती. वेळेचे भान राहत नाही. "मी कसा दिसतो, लोक काय म्हणतील" हा विचार गळून पडतो. पुढची हालचाल आपोआप होत जाते. या अवस्थेला त्यांनी प्रवाह असे नाव दिले. आपण तिला रंगून जाणे म्हणतो, तल्लीन होणे म्हणतो.

ही अवस्था नशिबाने येत नाही. तिला काही अटी असतात. पुढे नेमके काय करायचे ते ठाऊक हवे. केलेले बरोबर झाले की चुकले ते लगेच कळायला हवे. आणि काम आपल्या आवाक्याच्या थोडे पुढे हवे, फार पुढे नको. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती बसते.

आता लेझीम घ्या. चार ठेक्यांची चाल, म्हणजे पुढे काय करायचे ते ठरलेले. चकत्यांचा आवाज सगळ्यांबरोबर पडला तर बरोबर, एकटीचा मागून आला तर चुकले, हे कानालाच समजते. चार चाली बसल्या की पाचवी शिकायची. आपल्या मागच्या पिढीने कोणतेही मानसशास्त्र न वाचता या तिन्ही अटी एका लाकडी दांड्यात आणि लोखंडी साखळीत बसवल्या होत्या. आमच्या त्या पहिल्या वर्गात मात्र एकही अट पुरी होत नव्हती. पुढे काय येणार ते माहीत नाही, बरोबर होते का ते कळत नाही, आणि सगळेच आवाक्याबाहेर.

एक फरक इथेच सांगायला हवा. तंद्री लागणे वेगळे आणि तल्लीन होणे वेगळे. टीव्हीवर मालिका बघत भाजी निवडताना तंद्री लागते, तेव्हा मन तिथे नसते. तल्लीन झालेले मन पूर्णपणे तिथेच असते, पावलात, हातात, श्वासात. विहारात आनापानसतीला बसणाऱ्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

एकत्र का?

घरी एकटीने केले तर चालत नाही का? चालते, आणि जिला घराबाहेर पडता येत नाही तिने जरूर करावे. पण एकत्र करण्यात काहीतरी जास्तीचे आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठात एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या वल्हवणाऱ्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला. वल्हवण्याच्या मशीनवर तीच मुले एकदा एकेकटी बसली आणि एकदा संघ म्हणून एका लयीत वल्हवत बसली. मेहनत दोन्ही वेळी सारखीच होती. नंतर रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला बांधून फुगवत नेला आणि दुखते कधी ते विचारले. एकत्र वल्हवल्यानंतर मुलांची वेदना सोसण्याची शक्ती एकट्याने वल्हवल्यानंतरच्यापेक्षा जास्त भरली. मुले फक्त बारा होती, म्हणून या एका प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नये. पण लयीत एकत्र हलणाऱ्या माणसांना दुखणे कमी जाणवते आणि शेजारची माणसे जवळची वाटू लागतात, हे पुढेही अनेक प्रयोगांत दिसले आहे. मावशीच्या गुडघ्याचे कोडे इथे बरेचसे सुटते. गुडघा बरा झालेला नसतो. त्याची तक्रार मेंदूपर्यंत पोहोचते, पण त्या वेळी तिकडे लक्ष द्यायला मेंदूला सवड नसते, आणि शरीर स्वतःच वेदना शमवणारी द्रव्ये तयार करत असते.

विल्यम मॅकनील हे अमेरिकेतील नावाजलेले इतिहासकार. १९४१ मध्ये ते सैन्यात भरती झाले आणि टेक्सासमधील छावणीत त्यांच्याकडून तासन् तास कवायत करून घेतली गेली. त्या कवायतीचा उपयोग काहीच नव्हता, तरी सगळ्यांबरोबर पाऊल टाकताना आपण मोठे झालो, पसरलो असे वाटायचे, ही आठवण त्यांच्या मनातून गेली नाही. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांनी नाच आणि कवायत यांच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. माणसे एका ठेक्यावर हलली की ती एकमेकांशी बांधली जातात, हे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे ज्यांच्या घरात समता सैनिक दलाची कवायत केलेले आजोबा आहेत, त्यांनी त्यांना जरूर विचारावे. ते हेच सांगतील, फक्त शब्द वेगळे असतील.

दम किती लागावा?

इथे आमची सर्वांत मोठी चूक झाली होती. आम्हाला वाटायचे, जितका दम लागेल तितका फायदा. मानसशास्त्रज्ञ पँटेलेइमॉन एक्केकाकिस यांनी अनेक वर्षे एक साधी गोष्ट तपासली. व्यायाम संपल्यावर कसे वाटते हे सगळेच विचारतात. त्यांनी व्यायाम चालू असताना कसे वाटते ते विचारले. दम आवाक्यात असेपर्यंत बहुतेकांना बरे वाटते. धाप लागून बोलणे तुटायला लागले की जवळपास सगळ्यांनाच वाईट वाटू लागते. थांबल्यावर पुन्हा हायसे वाटते हे खरे. पण दुसऱ्या दिवशी परत यायचे की नाही हे ठरवताना मनाला ते हायसे वाटणे कमी आठवते आणि मधला जीव घाबरा झालेला क्षण जास्त आठवतो.

संगीताचेही तसेच आहे. मध्यम गतीला ठेका साथ देतो, मेहनत कमी वाटते. पण छाती फुटेस्तोवर पळवले तर कोणतेही गाणे मदतीला येत नाही. म्हणून आवाज वाढवून बायका टिकत नाहीत. गती उतरवली की टिकतात.

यासाठी मशीन लागत नाही. व्यायाम करताना शेजारणीशी एखादे वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर थोडे वाढवा. बोलता येत नसेल तर लगेच कमी करा. आणि ही कसोटी गटातल्या सर्वांत थकलेल्या बाईला लावायची, सर्वांत तरुण मुलीला नाही. तरुण मुलींना पाय जास्त उचलायला सांगता येते, जास्त खाली बसायला सांगता येते. ठेका तोच राहतो.

कोण बघतंय?

कॅनडात २००३ मध्ये, एरवी व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांना सायकलच्या मशीनवर बसवून एक प्रयोग झाला. काहींच्या समोर आरसा होता, काहींच्या समोर नव्हता. आरशासमोर बसलेल्या स्त्रियांना व्यायामानंतर तुलनेने कमी बरे वाटले. आपले शरीर आवडणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही हेच दिसले.

आपल्या हॉलमध्ये आरसे नाहीत, पण मोबाइल आहेत. आमच्या पहिल्या वर्गात रोज कोणीतरी चित्रण करायचे आणि संध्याकाळपर्यंत ते वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरायचे. साडी खोचून, पदर सावरत उडी मारणाऱ्या बाईला हे माहीत असेल तर ती रंगणार कशी? तिचे अर्धे मन पदरात आणि अर्धे दाराशी उभ्या असलेल्या पोरांकडे. तल्लीनतेची पहिली खूण म्हणजे "मी कशी दिसते" हा विचार सुटणे. कॅमेरा तो सुटूच देत नाही. ज्यांच्या अंगाकडे, कपड्यांकडे, रंगाकडे पिढ्यान् पिढ्या लोकांनी तुच्छतेने पाहिले, त्या आपल्या बायकांना दिवसातला एक तास तरी कोणाच्याही नजरेखाली नसण्याचा हक्क आहे. म्हणून व्यायामाच्या वेळी मोबाइल पिशवीत आणि दार लोटलेले, हा नियम आम्ही केला.

दुसरा प्रयत्न

दुसऱ्या खेपेला आम्ही वस्तीतल्याच एका काकांकडे गेलो. महापालिकेतून निवृत्त झालेले हे काका तरुणपणी लेझीम पथक बसवायचे. हलगी वाजवायला त्यांची नात आली. पहिले दोन आठवडे फक्त चालणे आणि टाळ्या, ठेक्यावर. मग लेझीम. ज्यांचे खांदे धरलेले त्यांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या. ज्या आजींना उभे राहवत नाही त्यांनी खुर्चीत बसून पाय उचलायचे, पण रांगेत, बाजूला नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी पन्नास मिनिटे. आठवड्याला दीडशे मिनिटे होतात, आणि मध्यम गतीने किमान तेवढी हालचाल करावी असेच जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सांगते.

पहिल्या वर्गाला जितक्या आल्या होत्या तितक्या काही पुन्हा आल्या नाहीत. पण या खेपेला ज्या आल्या त्यातल्या बहुतेक जणी टिकल्या. त्या जुन्या आजीही आल्या. पावसाळ्यात एकदा काका आजारी पडले. तेव्हा बायकांनी स्वतःच हुकूम देत वर्ग चालवला. आमच्या दृष्टीने वर्ग त्या दिवशी उभा राहिला.

मन हलके होते, पण कितपत?

वर्गाला येणाऱ्या बायका वजनाबद्दल फार बोलत नाहीत. त्या म्हणतात, रात्री झोप लागते. पोरांवर चिडचिड कमी होते. नवरा पिऊन आला तरी डोके शांत राहते. शेवटचे वाक्य ऐकून आम्ही गप्प होतो. ते दुःख व्यायामाने जाणार नाही, त्यासाठी वेगळी लढाई आहे. पण ती लढायला लागणारे बळ कुठून तरी यावे लागते.

विज्ञान काय सांगते? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल यांनी नैराश्याचा आजार असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ जणांचे तीन गट केले: एका गटाला औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा सामूहिक व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी होती. मात्र औषधाचा गुण सुरुवातीला लवकर आला होता. पुढेही अनेक अभ्यासांत व्यायामाने उदासी कमी होते असे दिसले आहे.

पण याचा अर्थ गोळ्या सोडा असा नाही. ज्या बाईला सकाळी उठवत नाही, जेवण जात नाही, जगणे नको वाटते, तिला "वर्गाला ये, बरी होशील" म्हणणे पुरेसे नाही. तिला डॉक्टरांकडे न्यायचे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. वर्गाचा एक उपयोग असा, की ती यायची बंद झाली तर कोणाच्या तरी लक्षात येते.

धोका

सुरुवातीला आम्ही धोका म्हटले होते. "काही कळलंच नाही" यात दुखणे कळत नाही, तशी इशाऱ्याची खूणही कळत नाही. एप्रिलच्या उन्हात, गर्दीत, उपाशीपोटी, पाणी न पिता तीन तास नाचणाऱ्याला छातीतली कळ ठेक्यात विरघळल्यासारखी वाटते. जी तल्लीनता गुडघा विसरायला लावते, तीच हृदयाची तक्रारही दाबून ठेवू शकते.

म्हणून आमच्या वर्गात पाळीपाळीने एक जण नाचत नाही. ती फक्त बघते. कोणाचा चेहरा पांढरा पडला, कोणाला जास्तच धाप लागली, कोणाचे पाऊल अडखळले. दर पंधरा मिनिटांनी ती हलगी थांबवते आणि पाणी पाजते. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, चक्कर, बोलण्यात घोटाळा, यातले काहीही दिसले की व्यायाम बंद आणि १०८ ला फोन. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशी यायचे नाही. हात थरथरले, भोवळ आली तर आधी साखर द्यायची. ही पाळी जयंतीच्या पथकातही लावावी, असे आम्हाला मनापासून वाटते. शंभर लेझीमवाल्यांमागे दोन जण जागे राहिले तर काय बिघडते?

दुसरा धोका जास्त चोरपावलांनी येतो. रंगलेले मन पटकन हो म्हणते. एकदा वर्ग संपल्यावर सगळ्या जणी घाम पुसत, हसत बसल्या होत्या. तेवढ्यात बाहेरची एक ओळखीची बाई पावडरचे डबे घेऊन आली. "व्यायामासोबत हे घ्या, साखरेच्या गोळ्या लागणार नाहीत." आमच्यातल्या एकीने तीन आठवडे गोळ्या सोडल्या. साखर इतकी चढली की तिला दवाखान्यात भरती करावे लागले. ती भोळी नव्हती. तिला खरोखरच बरे वाटत होते. ते बरे वाटणे व्यायामाचे आणि मैत्रिणींचे होते, श्रेय मात्र डब्याला गेले. आम्ही तिथेच बसलो होतो आणि कोणी काही बोललो नाही, ही बोच आम्हाला आजही आहे. गटात छान वाटले म्हणून गटात सांगितलेले सगळे खरे ठरत नाही. पावडर विकणारा असो, बुवा असो की पुढारी, ठेका सगळ्यांनाच वापरता येतो. म्हणून आता वर्गात काही विकायचे नाही, आणि कोणाच्याही औषधाबद्दल डॉक्टरांशिवाय कोणी सांगायचे नाही.

किल्ली

शेवटी मुद्द्याची गोष्ट. वस्तीतल्या तरुणांना व्यायामशाळा आहे, नाका आहे, मैदानाचा कोपरा आहे. बायकांना घराबाहेर हातपाय पसरायला हक्काची जागा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत लेझीम फिरवता येत नाही. विहार समितीतील बांधवांना आमची विनंती आहे, आणि तिला मागणी म्हटले तरी चालेल: आठवड्यातून तीन दिवस एक तास हॉल महिलांच्या व्यायामासाठी ठेवा, आणि त्या तासाची किल्ली महिलांच्याच हाती द्या. "हॉल खराब होईल", "आवाज होईल", "विहारात हे कशाला" हे आम्ही ऐकले आहे. हॉल आम्ही झाडून परत देतो. हलगी वंदनेच्या वेळी वाजत नाही. आणि आपल्या बायकांचे शरीर-मन धड राहणे हे विहाराच्या कामाबाहेरचे आहे, असे कोणी समितीच्या बैठकीत उभे राहून म्हणून दाखवावे.

भगिनींनो, तुमच्या वस्तीत हॉल नसेल तर शाळेचा व्हरांडा बघा, अंगणवाडीचे आवार बघा, दोन चाळींमधली मोकळी जागा बघा. पाच जणी पुरेत. हलगी नसेल तर टाळ्या आहेत, थाळी आहे. पहिल्या दिवशी फक्त चाला, ठेक्यावर. सर्वांत हळू चालणाऱ्या आजींना रांगेच्या पुढे उभे करा आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाका.

आमच्या त्या आजी आता पुढच्या रांगेत खुर्चीवर बसतात. मागच्या आठवड्यात कोणीतरी ठेका वाढवला तर त्यांनी हात वर करून हलगी थांबवली. "घाई कुणाला आहे गं?" असे म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावले.

जय भीम.